जिन्यातली अब्रू

बेलिफ कुलूपवाल्याला घेऊन तिसऱ्या मजल्यावर पोचला तेव्हा कंडक्टर दारातच खुर्ची टाकून बसले होते. काठी उंबऱ्यावर आडवी. त्यांना डोळ्यांनी काही दिसत नसे, पण जिन्यावर कोण चढतंय, घरचं की परकं, खूश आहे की कावलेलं, हे त्यांना पावलांवरून कळे.

"कोण पाहिजे?"

"कोर्टातून आलोय. खोली बघायचीय."

"तिकीट?"

"काय?"

"एवढे मजले चढून आलात ना? तिकीट दाखवा, नाहीतर खाली उतरा."

उभं आयुष्य बसमध्ये घंटी वाजवण्यात गेलेला माणूस. नोकरी सुटली, डोळे गेले, तरी आवाजातली खाकी काही उतरली नव्हती. बेलिफ दोन पायऱ्या खाली सरकला आणि कुलूपवाला भिंतीकडे बघून हसला.

तेवढ्यात सूनबाई वर आली. तिला सगळी बिल्डिंगच सूनबाई म्हणे, कारण कंडक्टर दिवसभर त्याच नावाने हाका मारत आणि भिंती पातळ होत्या. एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत ती चादरींवर इस्त्री करत असे. शिफ्ट संपवून आलेली, केस वाफेने कपाळाला चिकटलेले, पोटात काही नाही. अशा वेळी तिच्या वाटेला जाऊ नये हे अख्ख्या जिन्याला ठाऊक होतं. बेलिफाला ठाऊक नव्हतं.

"बाई, सोमवारी खोलीचा ताबा घ्यायचाय. सामान आधी काढून ठेवा, म्हणजे आमचीही फरफट नको आणि तुमचीही."

"कसला ताबा?"

"निकाल लागलाय. मालकाच्या बाजूने."

"निकाल? केस कधी झाली?"

बेलिफाने उसासा टाकला. हे संभाषण त्याला पाठ होतं. "दोनदा नोटीस घेऊन आलो होतो. आतून उत्तर आलं, घरात कोणी नाही."

सूनबाईने सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी, दिसत नसूनही, मान दुसरीकडे फिरवली.

"खोटं नाही बोललो मी," ते म्हणाले. "चौफेर बघितलं, मला कोणी दिसलं नाही."

"बाबा!"

"मग कायद्याप्रमाणे दारावर चिकटवली," बेलिफ म्हणाला. "आणि दारावर चिकटवली म्हणजे तुम्हाला मिळाली. तुम्ही तारखेला आला नाहीत, एकतर्फी निकाल झाला. माझं काही चुकलं नाही."

सूनबाईने दाराकडे पाहिलं. हिरव्या रंगावर, कडीच्या वर, खळीचा एक वाळलेला चौकोन होता. कोपऱ्यात नखाएवढा कागद अडकून राहिला होता. तिला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

त्या बिल्डिंगची एक रीत होती. कुणाच्याही दारावर बाहेरच्यांनी कागद चिकटवला, कोर्टाचा असो, वीज कंपनीचा असो की मालकाचा, तर ज्याच्या नजरेला तो आधी पडेल त्याने तो गुपचूप काढायचा. ओलं फडकं लावून, नखाने कड सोडवून, घरच्या माणसांच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या दृष्टीला पडायच्या आत. काढल्याचं बोलायचं नाही, वाचायचं तर नाहीच. दारावर कागद लागला म्हणजे माणसाची अब्रू जिन्यात आली, आणि शेजाऱ्याची अब्रू जिन्यात पडलेली बघून पुढे जातो तो कसला शेजारी? ही रीत कुणी घातली ते कुणालाच माहीत नव्हतं. पण एकमेकांचं पाणी तोडणारी, कचऱ्यावरून आयमाय काढणारी ती माणसं ही एक गोष्ट मात्र मनापासून पाळत.

बेलिफ आणि कुलूपवाला गेले. कंडक्टर खुर्ची उचलून आत आले, कुठेही न धडपडता, आणि गॅसवर चहाचं आधण ठेवलं.

सूनबाई दारातून ते बघत राहिली. त्या खोलीत सासरे आंधळे नव्हते. नळ, गॅस, खिडकी, दाढीचं सामान, जिन्याची मोडकी पायरी, सगळं त्यांच्या हातापायांत होतं. खालच्या दुकानातून ते एकटे दूध आणत आणि दुकानदाराशी भांडूनही येत. दुसरीकडे कुठेही नेलं की त्याच दिवशी ते आंधळे होणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. भाडं ती वेळच्या वेळी भरत होती. पण भाडेपट्टा होता नवऱ्याच्या नावावर, आणि नवरा दुसरा संसार थाटून कधीचाच पसार झाला होता. जाताना मालकाला 'खोली सोडली' असं लिहून देऊन गेला, हे तिला आज बेलिफाने जाता जाता सांगितलं तेव्हा कळलं. मालकाच्या लेखी आता ती आणि सासरे म्हणजे कुणाच्या तरी खोलीत घुसलेली दोन परकी माणसं.

बातमी भावापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. त्याचा फोन आला. "तू ये माझ्याकडे. म्हाताऱ्याची सोय आश्रमात करू. तुझा आता संबंध तरी काय त्यांचा?"

"लग्नात दोघं पदरात पडले," सूनबाई म्हणाली. "नवरा खोटा निघाला, सासरा खरा निघाला. खरं ते ठेवलंय." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती रजा टाकून कोर्टात गेली. मुकादम म्हणाला, रजा मिळणार नाही. ती म्हणाली, मी विचारत नाहीये, सांगतेय.

तळमजल्यावर 'मोफत कायदेशीर मदत' अशी पाटी असलेली खिडकी होती. रांगेत तिचा नंबर येईपर्यंत पाय भरून आले. आतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "गुन्हा कोणता?"

"माझा काही गुन्हा नाही."

"मग अटक कुणाला झालीय?"

"कुणालाच नाही. घर जातंय माझं."

"घराच्या भानगडीला इथून वकील मिळत नाही, ताई. फौजदारी असेल तरच मिळतो. दिवाणीला फक्त माहिती मिळेल." त्याने एक पत्रक पुढे सरकवलं.

"माझं घर जातंय ही माहिती मला आहे. माहिती नको, माणूस पाहिजे."

"नियम आहे, ताई."

"म्हणजे मी मालकाचं डोकं फोडलं असतं तर तुम्ही मला वकील दिला असता?"

कारकुनाने पहिल्यांदा वर पाहिलं. प्रामाणिक माणूस होता. "हो," तो म्हणाला, आणि मग घाबरून, "म्हणजे तसं काही करू नका."

रांगेतली माणसं हसली. सूनबाई हसली नाही. ती खिडकीला रेलून उभी राहिली. मागच्याने सरकायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही बाजूने घ्या, मी कुठे जात नाही. डोकं न फोडता वकील कुठे मिळतो ते कळल्याशिवाय हलणार नाही." तिचा आवाज लाँड्रीतल्या यंत्रांवर मात करून कमावलेला होता, दालनभर गेला. शेवटी कारकुनाने इकडेतिकडे पाहिलं आणि पेन्सिलीने मागची दिशा दाखवली. "जिन्याखाली एक खोली आहे. पाटी नाही. त्या बाई घरादाराच्या केसेस बघतात. फुकट. मी पाठवलं म्हणू नका."

जिन्याखालच्या त्या खोलीत पूर्वी झाडू ठेवत असावेत. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि वर कुणी चाललं की छतावरून पडणारी धूळ. वकीलबाई तरुण होत्या, पण डोळ्यांखाली चांगली जुनी वर्तुळं. पाटीचं विचारल्यावर म्हणाल्या, "पाटीला मंजुरी नाही. मंजुरी देणारे म्हणतात, पाटी लावली तर लोक येतील."

सूनबाईला त्या तिथेच आवडल्या.

"केस तुमची वाईट नाही," सगळं ऐकून वकीलबाई म्हणाल्या. "टाकून दिलेल्या बायकोला आणि सासऱ्याला नवऱ्याच्या एका सहीने बाहेर काढता येत नाही, हे मी भांडून दाखवीन. पण त्याआधी हा एकतर्फी निकाल मोडायला हवा. त्यासाठी दाखवावं लागेल की नोटीस तुमच्यापर्यंत पोचलीच नव्हती."

"नव्हतीच पोचली. शेजाऱ्यांनी काढली असणार."

"का?"

सूनबाईने रीत सांगितली. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, तो कागद म्हणजे बोलावणं असतं. दारावर चिकटला की धरून चालतात तुम्ही वाचला. आला नाहीत तर समोरच्याचं तेवढं खरं. तुमच्या बिल्डिंगमध्ये आणखी कुणाचं असं झालंय?"

सूनबाईला एक दार आठवलं. पहिल्या मजल्यावर टेलरमास्तर राहत होते. मागच्या थंडीत त्यांच्या दारावर कागद होता आणि तो तिने काढला होता. इस्त्रीच्या हाताची सफाई तिच्याकडे, म्हणून अख्खा निघाला, चिरासुद्धा न पडता. तो चोळामोळा करून लाँड्रीच्या बॉयलरमध्ये टाकला तेव्हा तिला स्वतःबद्दल बरं वाटलं होतं. मग एका सकाळी मास्तरांचं शिलाई मशीन, गाद्या, भांडी सगळं रस्त्यावर आलं. मास्तर सगळ्यांना विचारत होते, असं कसं, न सांगतासवरता? सूनबाईने त्यांना पाणी नेऊन दिलं होतं आणि मालकाला पोटभर शिव्या घातल्या होत्या. त्या रस्त्यावरच्या सामानाचा आणि आपल्या ओल्या फडक्याचा काही संबंध असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"झालंय," ती म्हणाली.

"मग ज्याने तुमचा कागद काढला त्याला साक्षीला आणा. मात्र एक आहे. कोर्टाचा कागद काढणं हाही गुन्हाच. त्याला ते आधी सांगा."

सांगायला लागलंच नाही. त्या संध्याकाळी शेजारच्या काकू आपण होऊन आल्या आणि दारातच रडायला लागल्या.

"मीच काढली गं. म्हटलं, दमून येशील, दारातच हे बघशील. तुझं भलं करायला गेले आणि तुझ्याच मुळावर उठले."

काकूंचा नवरा अंथरुणाला खिळलेला. त्यांचीही खोली त्याच मालकाची, आणि मालक निमित्ताच्या शोधात. काकू म्हणाल्या, "येते मी कोर्टात."

सूनबाईने त्यांच्याकडे बघितलं आणि तिला राग आला. काकूंचा नाही. काकू आज रडल्या तशी ती स्वतः मास्तरांच्या दारात कधीच रडली नव्हती. राग त्या सगळ्या व्यवस्थेचा आला, जिथे एका बाईचं छप्पर राखायला दुसरीने आपलं छप्पर पणाला लावायचं.

"नाही यायचं," ती म्हणाली. "तुम्ही काही काढलं नाहीत. मी काही ऐकलं नाही."

"अगं पण तुझं घर..."

"ते मी बघते. चहा घ्या."

वकीलबाई मात्र भडकल्या. "साक्षीदार नाही, मग कोर्टाला काय सांगू? वाऱ्याने नेली?"

"तुम्ही कायद्याचं सांगा. रीत मी सांगते."

सुनावणी सोमवारच्या आत लागली, हीच वकीलबाईंची कमाई. कोर्टाची खोली साधीच होती, उंच खिडक्या, खरखरणारा पंखा, झिजलेले बाक. कंडक्टर पहिल्या बाकावर ताठ बसले. त्यांनी दाढी केली होती आणि जुना कोट घातला होता.

मालकाचे वकील गोड बोलणारे होते. "साहेब, हे नेहमीचंच रडगाणं. नोटीस मिळाली नाही. प्रत्येक भाडेकरूची नोटीस कशी बरं हरवते? मुंगी नेते की उंदीर नेतो?"

न्यायाधीशांनी सूनबाईला पुढे बोलावलं. "तुमच्या दारावरची नोटीस कुणी काढली, तुम्हाला माहीत आहे?"

"आहे."

"कोण?"

"नाव सांगणार नाही."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. मालकाचे वकील हसले. "बघा साहेब. असतं तर सांगितलं असतं ना?"

"माझ्या दारावरचा कागद कुणी काढला ते सांगणार नाही," सूनबाई म्हणाली, "पण मी कुणाचा काढला ते सांगते. पहिल्या मजल्यावर टेलरमास्तर राहायचे. त्यांच्या दारावर कोर्टाचा कागद होता. ओलं फडकं लावून तो मी काढला आणि जाळला. त्यांना न दाखवता."

न्यायाधीश पुढे झुकले. "हा गुन्हा आहे, कळतंय ना तुम्हाला?"

"आता कळतंय. तेव्हा सांगायला कोण होतं? तुमचा कागद येतो तो कुलूपवाल्याच्या आधी येतो, पण तो कशाचा, त्याचं करायचं काय, हे सांगणारं माणूस येत नाही त्याच्याबरोबर. आम्हाला तो कागद म्हणजे थोबाडीत मारल्यासारखा वाटतो. शेजारणीच्या गालावरचा वळ कुणी दिवसभर बघत बसेल का? आम्ही पुसतो. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळेच पुसतात. मालकाला आमच्या तिन्ही मजल्यांवर राहायला ठेवलं तरी त्याला हे कळणार नाही, कारण त्याच्या दारावर कधी काही चिकटलेलंच नाही. त्याला वकील आहे. मी वकील मागायला गेले तर मला विचारलं, गुन्हा कोणता? घ्या. आता आहे माझ्याकडे गुन्हा."

"साहेब, हे भाषण—" मालकाचे वकील उठले.

"खाली बसा," कंडक्टर बाकावरून गरजले. "गाडी चालू असताना उभं राहायचं नाही."

शिपायाने त्यांना गप्प केलं. न्यायाधीशांच्या ओठाचा कोपरा किंचित हलला आणि पुन्हा सरळ झाला. काही वेळ ते समोरचे कागद चाळत राहिले. मग त्यांनी बेलिफाला बोलावून घेतलं. तो दाराशीच उभा होता, पुढच्या कुठल्याशा कामासाठी.

"या बिल्डिंगमध्ये नोटीस तुम्हीच लावता?"

"हो साहेब. बरीच वर्षं."

"लावलेली नोटीस दारावर राहते?"

बेलिफाने एकदा मालकाच्या वकिलांकडे पाहिलं, एकदा सूनबाईकडे. "खरं सांगू का साहेब? तिथे वरच्या मजल्यावर चिकटवून मी खाली येतो, काही विसरलं म्हणून परत वर गेलो तर दार स्वच्छ असतं. एकदा तर माझीच खळीची डबीसुद्धा कुणीतरी उचलून नेली."

"हे तुम्ही कधी कळवलं नाहीत?"

"कागदावर 'चिकटवली' एवढंच लिहायला जागा असते, साहेब. पुढचं कुणी विचारलं नाही."

न्यायाधीश बराच वेळ लिहीत राहिले. मग म्हणाले, एकतर्फी निकाल रद्द. खोलीचा ताबा सूनबाईकडे आणि सासऱ्यांकडेच राहील, केस पहिल्यापासून चालेल, दोन्ही बाजू ऐकून. वकीलबाईंनी टेबलाखाली मूठ आवळली ती सूनबाईला दिसली.

"पण साहेब, यांनी आत्ता भर कोर्टात गुन्हा कबूल केलाय!" मालकाचे वकील म्हणाले. गोडवा आता संपला होता.

"ते मी नोंदवलंय," न्यायाधीश म्हणाले. "बाई, त्याबद्दल तुम्हाला वेगळी नोटीस येईल."

"दारावर चिकटवा, साहेब," सूनबाई म्हणाली. "मोठ्या अक्षरात असू दे. जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवीन मी."

बाहेर आल्यावर कंडक्टरांनी विचारलं, "म्हणजे आपला स्टॉप अजून आला नाही ना?" ती नाही म्हणाली. "छान," ते म्हणाले, आणि कोटाच्या बाहीने डोळे पुसले, जणू धूळच गेली होती.

वकीलबाईंनी तिला बाजूला घेतलं. आनंद होता, पण त्यांना पुढचंही दिसत होतं. "त्या टेलरमास्तरांचाही निकाल एकतर्फीच असणार. तुमचं आजचं बोलणं आता कोर्टाच्या दप्तरात आहे. त्यांनी अर्ज केला तर त्यांनाही त्याचा उपयोग होईल. उशीर झालाय, अवघड आहे, पण अशक्य नाही. फक्त त्यांना सांगणार कोण?"

हा प्रश्न त्यांनी मुद्दाम विचारला की सहज, कोण जाणे. सूनबाईने सासऱ्यांना जिन्याखालच्या खोलीत बसवलं, पाण्याचा पेला हातात दिला आणि निघाली. मास्तर आता कुठे बसतात ते तिला ठाऊक होतं.

मास्तर एका बंद दुकानाच्या पायरीवर मशीन टाकून बसत. चेन बदलणं, पँट आखूड करणं, एवढंच काम. बायको माहेरी, ते स्वतः दुकानामागच्या फळीवर झोपत. तिला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"अरे, सूनबाई! कंडक्टर बरे आहेत ना?"

तिने बसायच्या आधीच सांगितलं. बसले तर धीर जाईल, हे तिला माहीत होतं. कागद होता, तो मी काढला, जाळला. ते तुमचं बोलावणं होतं. तुम्ही गेला असता तर कदाचित वाचला असता.

मास्तरांचा पाय मशीनच्या पायडलवर तसाच राहिला. "तुम्ही?"

"मी."

"का?"

"वाटलं, तुमची अब्रू राहील."

"माझ्या गाद्या रस्त्यावर होत्या," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "बायकोचे कपडे. आल्यागेल्याने बघितले. तुम्ही पाणी घेऊन आला होता, आठवतं मला. मी तुम्हाला आशीर्वाद दिला होता." मग त्यांचा आवाज चढला. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. आजवर तोंडातून कधी वावगा शब्द न गेलेल्या त्या माणसाने तिला जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं.

ती मध्ये बोलली नाही. त्यांचा श्वास तुटला तेव्हा म्हणाली, "सगळं खरं आहे. अजून बोला. पण चालता चालता बोला, मास्तर. जिन्याखाली एक खोली आहे, आत एक वकीलबाई आहेत, त्या बंद करून जायच्या आत पोचायचंय."

मास्तरांनी सुईतला दोरा तोडला, मशीनवर फडकं टाकलं आणि चपला शोधायला लागले. कोर्टापर्यंत वाटभर ते तिला बोलत राहिले, आणि ती त्यांच्या बरोबरीने, मान खाली न घालता, एकेक शब्द ऐकत चालत राहिली.